मंजुरीपत्राची तारीख आणि घराचे कागद

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात, महालक्ष्म्यांच्या आदल्या संध्याकाळी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेकांनी लेखी मागितल्यामुळे स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून देत आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावर विद्वान वक्ते येतात. यंदा समितीने माझ्यासारख्या साध्या नोकरदाराला उभे केले, याचे कारण मला ठाऊक आहे. आपल्यातल्या तीन-चार कुटुंबांचे सध्या घर घेणे चालू आहे आणि प्रत्येकाच्या खिशात बँकेचे मंजुरीपत्र आहे. त्या पत्रावरची तारीख जवळ आली की माणसाची झोप कशी उडते, हे मी २०२२ मध्ये पुरते अनुभवले आहे. "तेवढेच सांगा, पण खरे सांगा," असे सचिवांनी बजावले आहे. म्हणून माझी चूकही सांगणार आहे.

आपण मराठी माणसे या मुलखात नवी नाही. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हापासून आपले येणे-जाणे सुरू आहे. तात्यापाऱ्यात कित्येक घरे चार-चार पिढ्यांची आहेत. पण माझ्यासारखे बदलीच्या नोकरीने आलेले लोक वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात काढतात. "निवृत्त झालो की वर्ध्याला जाऊ" असे म्हणत म्हणत मुले इथेच मोठी होतात. मी वर्ध्याहून १९९८ मध्ये आलो. तेव्हा धमतरीची छोटी लाईन तेलीबांध्यावरून जात असे. आज त्या वाटेवर एक्सप्रेस-वे आहे, तळ्याकाठी मरीन ड्राइव्ह झाले आहे आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत. 'घर पाहावे बांधून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मी म्हणतो, बांधलेले घर विकत घेऊन पाहावे, म्हणजे म्हणीचा पूर्ण अर्थ कळतो.

प्रथम भाषेची अडचण सांगतो, कारण माझे पहिले पंधरा दिवस त्यातच गेले. आपण ज्याला इसार म्हणतो तो इथे बयाना. साठेखत म्हणजे इकरारनामा. फेरफार म्हणजे नामांतरण, आणि माणूस गेल्यावर वारसांची नावे चढवायची ती फौती. आपल्या आठ-अ सारखा इथे बी-१ असतो आणि सातबाऱ्यासारखा खसरा पी-२. अकृषक म्हणजे डायवर्जन. तलाठ्याच्या जागी पटवारी. हे कागद 'भुइयां' या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. जागा नजूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची असेल, तर तिचे नियम आणखी वेगळे. हे शब्द पाठ करून घ्या, कारण मंजुरीपत्राची मुदत बहुतेक वेळा याच कागदांच्या रांगेत संपते.

आता माझी हकीकत. तेलीबांध्यात तळ्यापासून आत एक जुने बैठे घर विकायला निघाले. मालक मराठीच. वडिलांनी १९८४ मध्ये स्वतःच्या पगारातून जागा घेऊन घर बांधले होते. ते २०१६ मध्ये वारले. घरात त्यांच्या पत्नी आणि दोन मुलगे. सौदा ५८ लाखांचा ठरला. बँकेने ११ एप्रिल २०२२ रोजी ४२ लाखांचे कर्ज मंजूर केले. पत्रावर लिहिले होते, मुदत सहा महिने, म्हणजे १० ऑक्टोबर. मला वाटले, सहा महिन्यांत घर काय, लग्नही होते! अक्षय तृतीयेला, ३ मे रोजी, शुभ मुहूर्त पाहून तीन लाख बयाना दिला आणि इकरारनामा केला. रजिस्ट्रीची मुदत ३१ जुलै. त्या तारखेपर्यंत मी रजिस्ट्री केली नाही तर बयाना जप्त, असे कलम त्यात होते. ते मी वाचले होते, पण समजून घेतले नव्हते. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्याच दिवशी, ४ मे रोजी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० वर नेला. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०. वर्तमानपत्र उघडायची भीती वाटू लागली. दलाल रोज फोन करून म्हणायचा, "साहेब, लवकर उरका, नाहीतर मंजुरी जाईल आणि व्याज दुप्पट होईल."

अडकले होते ते फौतीत. बी-१ वर अजून वडिलांचेच नाव होते. भावांनी तहसीलमध्ये अर्ज केला, त्यासोबत वंशवृक्ष आणि शपथपत्र दिले. त्यात तीन नावे होती: आई आणि दोन मुलगे. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी कागद पाहिले आणि नामांतरणाचा आदेश आला की हरकत नाही, असा अभिप्राय दिला. इश्तहार निघेल, पटवाऱ्याचा अहवाल जाईल, जुलैअखेर काम होईल, असा हिशेब होता.

जूनमध्ये एका रविवारी मी आणि सौभाग्यवती खोल्यांची मापे घ्यायला गेलो. काकूंनी चहा केला. देवघराशेजारचा कोनाडा दाखवून त्या सहज म्हणाल्या, "इथे आमच्या महालक्ष्म्या बसतात. मुखवटे माझ्या लेकीने नागपूरहून आणलेत. अमरावतीला असते ती. आता चार-पाच वर्षे झाली, येत नाही."

चहा तसाच राहिला. बाहेर आल्यावर दोघेही बराच वेळ बोललो नाही.

मंडळी, आता माझी अवस्था लक्षात घ्या. बँकेला हे माहीत नव्हते. वकिलांना माहीत नव्हते. तहसीलला माहीत नव्हते. मी गप्प बसलो असतो तर जुलैत रजिस्ट्री झाली असती, मंजुरीपत्र वेळेत वापरले गेले असते, बयाना सुरक्षित राहिला असता. मी खरेच दोन दिवस गप्प बसलो. मनाला सांगत होतो, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. तिसऱ्या दिवशी पोळ्या करता करता सौभाग्यवतीने एवढेच विचारले, "ती बाई उद्या आपल्या दारात उभी राहिली, तर तुम्ही तिला काय सांगाल?"

मी ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. त्यांनी जे समजावले ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचे आहे. आपल्याकडे समज असा की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. तो बदल वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात शेवटचा खुलासा केला. पण वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच पत्नी, मुलगे आणि मुली समान वाटेकरी आहेत. म्हणजे या घरात चार वाटे होते. आईचा एक, मुलांचे दोन आणि अमरावतीच्या ताईंचा एक. लग्नात किती खर्च झाला, ती माहेरी येते की नाही, याचा त्या वाट्याशी संबंध नाही.

मी विचारले, "पण नामांतरणाचा आदेश तिघांच्या नावाने झाला तर?" ते हसले. "नामांतरण म्हणजे महसुलाच्या वहीतली नोंद. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. तीन वाटेकरी तुम्हाला तीनच वाटे विकू शकतात. चौथा वाटा ताईंचाच राहील आणि त्या केव्हाही वाटणी मागू शकतील. शिवाय तुम्हाला आता माहीत झाले आहे. आपण अजाणतेपणी घेतले, असे तुम्हाला कोर्टात म्हणता येणार नाही."

मी दलालाला हे सांगितले. त्याच्याकडे उपाय तयारच होता. "मुख्त्यारनामा करून ताबा घ्या, पैसे द्या, रजिस्ट्री सावकाश करू." हा रस्ता कोणी सुचवला तर कान बंद करा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की मुख्त्यारनामा आणि इकरारनामा यांवर झालेल्या 'विक्री'ने मालकी येत नाही. मालकी नोंदणीकृत विक्रीपत्रानेच येते. आणि कागद असा अर्धवट असेल तर बँक त्यावर पैसे देणार नाही. म्हणजे मुदत वाचवायला निघालो आणि कर्जच गेले, अशी गत.

भावांशी बोलायला गेलो तो प्रसंग सोपा नव्हता. थोरले संतापले. "आमच्या घरात तुम्ही कोण बोलणारे? ३१ जुलै लक्षात आहे ना?" तीन लाख डोळ्यांसमोर आले. धाकटे मात्र मान खाली घालून बसले होते. वडिलांच्या आजारपणात बहीण-भावांत काही बोलणे झाले होते आणि तेव्हापासून अबोला होता, हे त्यांनीच नंतर मला गेटपाशी सांगितले. ताईंचा नंबर काकूंनी दिला.

जुलैत कामासाठी नागपूरला गेलो होतो, तसाच पुढे अमरावतीला गेलो. ताई शाळेत शिक्षिका. पाय मोडल्यामुळे प्लास्टरमध्ये. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घर विकताहेत हे मला तुमच्याकडून कळतंय." मी कसाबसा म्हणालो, "ताई, आपली सही नसेल तर मी घेणार नाही." त्यावर त्यांनी जे विचारले ते मी आजही विसरलो नाही. "माझा वाटा मला हवाय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आधी हे सांगा, घर विकल्यावर आई कुठे राहणार? तिच्या नावाचे पैसे तिच्या खात्यात जाणार का?"

मंडळी, मी घराची मापे घेतली होती, नळाचे पाणी पाहिले होते, भिंतींची ओल पाहिली होती. चौथा हिस्सा ज्या माउलीचा, ती कुठे राहणार हे मी विचारले नव्हते.

ताईंच्या पायामुळे रायपूरला येणे अवघड होते. अशा वेळी मुख्त्यारपत्राचा योग्य उपयोग होतो, तोही समजून घ्या. आपल्या वतीने दस्त नोंदवण्याचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा तर नोटरीचा शिक्का पुरत नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे, देणारा भारतात असेल तर तो जिथे राहतो तिथल्या उपनिबंधकासमोर ते प्रमाणित व्हावे लागते. माणूस आजारी असेल तर अधिकारी घरी येऊन खात्री करू शकतात. भाऊ-बहीण परदेशात असेल तर तिथल्या नोटरीसमोर किंवा आपल्या वकिलातीत प्रमाणित करून कागद मागवायचा आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचा. यात सहज महिना-दोन महिने जातात. आणि बहिणीला स्वखुशीने वाटा सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्रही नोंदणीकृतच हवे. "तिचे काही म्हणणे नाही" हे तोंडी वाक्य किंवा स्टॅम्प पेपरवरची सही चालत नाही.

पण आमच्या बाबतीत मुख्त्यारपत्राची गरज पडली नाही. काकूंनी स्वतः लेकीला फोन केला. थोरल्यांचा राग कसा उतरला ते मला माहीत नाही. ३ सप्टेंबर २०२२ ला महालक्ष्म्या आल्या आणि त्याच दिवशी ताई काठी टेकत माहेरी आल्या. त्या घरातल्या त्या शेवटच्या महालक्ष्म्या. आम्हा दोघांना जेवायला बोलावले होते. थोरल्यांनी बहिणीला पाटाऐवजी खुर्ची आणून दिली, एवढेच मी पाहिले. नंतरच्या आठवड्यात तहसीलमध्ये चौघांच्या नावांचा दुरुस्त अर्ज गेला.

आता पुन्हा इश्तहार, पुन्हा पटवारी अहवाल. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' हे आपण म्हणतोच. १० ऑक्टोबर तर समोर दिसत होता. ज्याची भीती बाळगून मी जवळजवळ एक चुकीची गोष्ट करणार होतो, ती तारीख अखेर आलीच. तिला तोंड कसे दिले ते सांगतो.

इकरारनाम्याची मुदत मी जुलैतच, दोन्ही पक्षांच्या सह्यांचा पूरक कागद करून, डिसेंबरअखेरपर्यंत वाढवून घेतली होती. विलंब विक्रेत्यांच्या कागदांमुळे झाला तर बयाना जप्त होणार नाही, उलट परत करावा लागेल, हे कलम वकिलांनी त्यात घातले. धाकट्यांनी थोरल्यांची सही मिळवून दिली. बँकेकडे मी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लेखी अर्ज दिला. मुदत संपायला महिना असताना, संपल्यावर नव्हे. सोबत तहसीलच्या अर्जाची पोच, नव्या पगाराच्या पावत्या आणि विलंबाचे खरे कारण. बँकेने पुन्हा सिबिल पाहिला, आणि मंजुरी तीन महिने वाढवली. ज्या पत्रासाठी मी रात्री जागवल्या, त्याची मुदत एका अर्जाने आणि थोड्या शुल्काने वाढली!

आणि व्याज? दलाल म्हणायचा ते अर्धेच खरे होते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी, बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलतो. माझा दर एप्रिलमध्ये ६.६५ टक्के होता, रजिस्ट्रीच्या वेळी ८.५५ झाला. पंधरा वर्षांच्या हिशेबाने हप्ता सुमारे ३६,९०० वरून ४१,५०० वर गेला. चटका बसला, नाकारत नाही. पण आमच्याच कार्यालयातल्या ज्या सहकाऱ्याने त्याच एप्रिलमध्ये तसेच कर्ज उचलले, त्याचाही दर काही महिन्यांत तिथेच पोचला. घाई करून मी चार-दोन महिन्यांचा फरक वाचवला असता आणि पुढे जन्मभर कोर्टाची पायरी चढलो असतो.

ऑक्टोबरअखेर आदेश झाला. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी रजिस्ट्री झाली. विक्रीपत्रावर चार विक्रेते. बँकेने डीडी काढले तेही चार नावांचे. काकूंनी आपला डीडी दोनदा उलटून पाहिला आणि पिशवीत जपून ठेवला. त्या आता धाकट्यांकडे राहतात. वर्षातून दोन महिने अमरावतीला असतात.

आता ज्यांचे व्यवहार चालू आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात.

एक, क्रम बदला. आपण आधी मंजुरी आणतो आणि मग कागद शोधतो. तसे न करता बी-१, खसरा, डायवर्जन, मालमत्ता कराची पावती आणि मूळ विक्रीपत्र आधी पाहा, मग बयाना द्या. म्हणजे मंजुरीच्या मुदतीचा वेळ तहसीलमध्ये जाणार नाही.

दोन, बी-१ वर मृत माणसाचे नाव असेल तर वंशवृक्ष हातात घेऊन घरातल्या सगळ्यात वडील बाईशी बोला. कागदावर न चढलेली नावे तिला पाठ असतात. २०२५ मध्ये छत्तीसगढात खरेदीची रजिस्ट्री होताच नामांतरण होण्याची सोय झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण विकणाऱ्यांच्या घरातली वारसनोंद राहिली असेल तर ती आधी करावीच लागते.

तीन, विक्रेत्याने त्या घरावर कर्ज घेऊन फेडले असेल तर मूळ कागद परत आले का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद द्यावे लागतात, नाहीतर बँकेच्या चुकीने होणाऱ्या विलंबासाठी दिवसाला पाच हजार रुपये भरपाई असते. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर सांगा.

चार, बँकेच्या मुदतीपेक्षा इकरारनाम्याची मुदत आणि बयान्याचे कलम जास्त काळजीने लिहून घ्या. मुदतवाढ नेहमी लेखी. आणि मंजुरी ते रजिस्ट्री या काळात नवी गाडी, नवे कर्ज, नोकरीतला बदल, शक्यतो काही नको. फेरतपासणीत तेच आडवे येते.

पाच, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरत नाही. तो पैसा वेगळा बाजूला ठेवा, नाहीतर सगळे कागद तयार आणि रजिस्ट्री पैशासाठी थांबलेली, असे होते.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. मंजुरीपत्रावरची तारीख ही बँकेची आणि आपली गोष्ट आहे, ती अर्ज करून पुढे ढकलता येते. पण ज्याचा हक्क आहे त्याची सही राहिली तर ती पुढे कोणत्याही अर्जाने मिळत नाही. आणि मित्रहो, आपल्यातले बरेच जण उद्या खरेदीदार नाही तर विक्रेते असतील. वर्ध्याला, भंडाऱ्याला, यवतमाळला आपलेही वडिलांचे घर आहे. तिथल्या कागदावर आपल्या बहिणीचे नाव आहे का, ते पाहा. मी वर्ध्याच्या घराचे पाहिले. नव्हते. ते चढवून घ्यायला मला आणि माझ्या भावाला सात महिने लागले.

उद्या आपल्याकडे महालक्ष्म्या येतात. आमच्या तेलीबांध्याच्या घरात त्या त्याच कोनाड्यात बसतात. मुखवटे ताई अमरावतीला घेऊन गेल्या, आमचे वर्ध्याहून आणलेले आहेत. दर्शनाला आणि प्रसादाला सर्वांनी अवश्य यावे. कागद घेऊन आलात तरी चालेल, जेवणानंतर पाहू.



गणपती बाप्पा मोरया!